न शिकवणारी माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले की यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलावयाचे, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मंडळात मी सतरंज्या घालावयाची, फार तर हिशेबाला मदत करावयाची. भाषण हे शिकलेल्या बायकांचे काम, आणि माझे शिक्षण सातवी. त्यावर त्या म्हणाल्या, "मग कॉलेजावर बोला. आपल्यात दर महिन्याला कॉलेजात कोण जाते? तुम्हीच की!"

खरेच आहे ते. गेली तीन वर्षे मी महिन्यातून एकदा तरी कॉलेजच्या फाटकातून आत गेले आहे. वर्गात मात्र एकदाही गेलेली नाही. तेव्हा वर्गात काय शिकवतात ते मला विचारू नका. वर्गाच्या बाहेर जी माणसे असतात, म्हणजे शिपाई, कारकून, ग्रंथालयातले मामा, वसतिगृहाच्या रेक्टरबाई, स्वयंपाकाच्या मावशी, त्यांच्याविषयी मी चार शब्द सांगणार आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यांची नावे कोणी घेत नाही.

गेल्या श्रावणात मंगळागौरीच्या फराळाला आपण जमलो होतो. तेव्हा आपल्यातल्याच एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "आता काय, मुलींना फी माफ, एस.टी.त अर्धे तिकीट, कॉलेज हाताशी. आता जी शिकली नाही ती आळशी." त्यांचे सगळेच खोटे नव्हते. बायकांना अर्धे तिकीट २०२३ पासून झाले, आणि ज्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ पासून माफ झाली. मी त्या दिवशी गप्प बसले. माझ्या हातात पुरणाचे ताट होते, आणि वडील माणसाला उलटून बोलणे बरे दिसत नाही. आज त्या इथेच समोर बसल्या आहेत. त्यांचा मान राखून आज उत्तर देते.

माझे माहेर वेल्ह्याच्या बाजूचे, तोरण्याच्या पायथ्याचे. तालुक्याचे नाव आता राजगड ठरले आहे, पण माहेरचे नाव जिभेवरून उतरत नाही. मी वेल्हेच म्हणणार. आमच्या गावात तेव्हा शाळा सातवीपर्यंत. आठवीला जायचे तर ओढा ओलांडून लांब चालत जायचे, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वडील म्हणाले, पुरे झाले. ते काही कठोर नव्हते. ओढ्यापलीकडे मुलीची वाट पाहणारे कोणी माणूस आहे, असे त्यांना वाटले नाही, एवढेच.

माझ्या भावाची मुलगी बारावी झाली तेव्हा तिने हट्टाने भोरच्या बाजूला कॉलेजात नाव घातले. पहाटे साडेचारला उठायचे, भाकरी बांधून घ्यायची, चालत रस्त्याला यायचे. मग एस.टी.ने मार्गासनीवरून नसरापूर, तेथून चेलाडी फाटा, कापूरहोळ आणि मग भोर. परतताना पुन्हा तेच. तुम्ही मनात म्हणाल, आत्या भोरात असताना पोरगी एवढे हाल का काढते? विचारा. माझ्या घरी दोन खोल्या, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माझी स्वतःची मुलगी दहावीत. मी भावाला "पाठव तिला" असे म्हटले नाही. भावाने विचारलेही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांची अडचण ओळखली आणि मध्ये त्या पोरीची अडचण तेवढी राहून गेली.

ती ओळखली कॉलेजच्या शिपाईमामांनी. मधल्या सुटीत सगळी मुले डबे उघडतात आणि ही मागल्या नळापाशी एकटी बसते, हे त्यांनी चार दिवस पाहिले. पाचव्या दिवशी विचारले, "पोरी, डबा कुठाय?" गाडी लागते म्हणून ती सकाळी काही खात नसे, आणि बांधलेली भाकरी परतीच्या वाटेसाठी ठेवी. दुसरेही एक होते. तिचे प्रयोगाचे तास दुपारी होते, आणि ते संपेपर्यंत थांबले तर नसरापुरातली पुढची गाडी चुकायची. म्हणून ती अर्ध्यातून उठून जाई. शिक्षक हजेरीपटावर गैरहजर मांडीत. त्यांचेही चुकत नव्हते. उठून जाणारी मुलगी त्यांना दिसत होती, एस.टी.चे वेळापत्रक दिसत नव्हते. शंभरात पंचाहत्तर हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. तिने मनात कॉलेज सोडलेच होते. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की घरी राहायचे आणि पुन्हा यायचे नाही, असे तिने ठरवले होते. लावणीचे निमित्त असले की आमच्याकडे कोणी कारण विचारीत नाही.

मामा तिला घेऊन कचेरीत हेडक्लार्कांकडे गेले. हेडक्लार्क प्राध्यापकांकडे गेले. प्रयोगाची तुकडी बदलून सकाळची झाली. एका कागदाच्या चिटोऱ्याचे काम! पण ते चिटोरे कोणाकडे मागायचे, ते त्या पोरीला सात जन्मात कळले नसते. पुढे वसतिगृहात एक जागा रिकामी झाली तेव्हा रेक्टरबाईंना आठवण करून देणारेही मामाच. आणि एके दिवशी मला फोन आला, "तुम्ही हिच्या आत्या ना? स्थानिक पालक म्हणून तुमची सही लागेल." मी गेले. सही करताना मान वर करून बघवेना. बाई मात्र काही बोलल्या नाहीत. चहा दिला आणि म्हणाल्या, "रविवारी नेत जा तिला घरी."

तेव्हापासून मी हे सारे जवळून पाहते आहे, आणि मला साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटलांची आठवण होते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आपल्याला पाठ आहे. त्यांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहायची, एका पंगतीला जेवायची. गांधीजींनी १९२७ साली तिथे येऊन त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले, हेही पुस्तकात आहे. पण त्या मुलांच्या पुढे ताट कोणाच्या जिवावर येत होते? लक्ष्मीबाई सुखवस्तू जैन घरातल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या संस्कारात वाढलेल्या. त्यांच्या ओसरीवर जेव्हा नाना जातींची पोरे आली, तेव्हा त्यांना काय वाटले असेल ते आपण बायकाच समजू शकू. नवऱ्याला सभेत टाळ्या मिळतात. चूल बायकोच्या वाट्याला येते. तरी त्या पोरांच्या आई झाल्या. आजारी पोराची शुश्रूषा केली, पोरक्याला जवळ घेतले. धान्य संपले की एकेक दागिना मोडला. शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही गेले. अहो, आपण दिवसभर राबतो, पण मंगळसूत्र मोडायचे म्हटले की आपला हात थबकतो की नाही? १९३० साली त्या वारल्या. पुढे १९४७ मध्ये संस्थेचे पहिले कॉलेज साताऱ्यात निघाले ते त्यांनी पाहिले नाही. लोक त्यांना रयतमाउली म्हणतात.

त्या शिकवीत नव्हत्या. फळ्यावर एक अक्षर त्यांनी लिहिले नाही. मुलगा जेवला का, झोपला का, रडतो का, एवढेच त्या बघत. कॉलेजातली न शिकवणारी माणसे मला त्यांच्या माहेरची वाटतात.

तसे आता नियम पुष्कळ झाले आहेत. नव्या मुलांचा छळ होऊ नये म्हणून २००९ चे नियम आहेत. मुलींच्या तक्रारीसाठी २०१३ चा कायदा आणि कॉलेजांसाठी २०१५ चे नियम आहेत. कॉलेजच्या भिंतीवर समित्यांच्या पाट्या आहेत, त्यावर नावे आहेत, फोन नंबर आहेत. पाट्या हव्यातच. पण रडवेली मुलगी पाटी वाचून कचेरीत जात नाही. ज्या मावशीने काल तिला आमटी दुसऱ्यांदा वाढली, तिच्यापाशी ती बोलते. मग मावशी रेक्टरबाईंना सांगते आणि मग ती समिती कामाला लागते. ही मधली पायरी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही.

माझ्या भाचीच्या खोलीत एक कातकरी समाजाची मुलगी होती. कातकरी म्हणजे आपल्या सरकारने आदिम जमात म्हणून धरलेला समाज. वेल्हे, भोर, मुळशीच्या डोंगरकडेला त्यांच्या वाड्या आहेत. घरात शाळेचे तोंड पाहिलेली ही पहिलीच. दिवाळीच्या सुटीला गेली ती परत आली नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. फोन लागेना. कोणी म्हणाले, लग्न लावले असेल. कोणी म्हणाले, यांचे असेच असते. हे 'यांचे असेच असते' फार वाईट वाक्य आहे हो. ते म्हटले की पुढे काही करावे लागत नाही.

रेक्टरबाई एका रविवारी स्वयंपाकाच्या मावशींना बरोबर घेऊन त्या वाडीवर गेल्या. आईबाप वीटभट्टीवर गेले होते आणि ही धाकट्या भावंडांना सांभाळीत होती. बाईंनी उपदेश केला नाही. डब्यातून नेलेले पोहे सगळ्यांना वाढले आणि एवढेच म्हणाल्या, "तुझी गादी गुंडाळून ठेवली आहे, कोणाला दिलेली नाही." मग मावशींनी वाडीतल्या तिच्या आजीशी बोलणे काढले. भावंडांचे आजीने करायचे आणि आठवड्याचे तांदूळ आईने पाठवायचे, असे ठरले. पोरगी पुढच्या सोमवारी आली. हे सगळे मला मावशींनी सांगितले. बाईंच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

तिच्यापुढे दुसरा डोंगर जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचा होता. अनुसूचित जमातीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांची वस्ती दर पावसाळ्यानंतर कामाच्या मागे हलते त्यांनी १९५० सालचा कागद कुठून आणायचा? एका कचेरीत (नाव घेत नाही) तिला चार खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या वेळी खिडकीतल्या माणसाने तिच्या देखत शेजारच्याला म्हटले, हिला कशाला हवे कॉलेज. खिडकीच्या आतली सगळीच माणसे देव नसतात, हेही मला इथे सांगितले पाहिजे. एका माणसाने जे महिनाभर जोडलेले असते ते दुसरा एका वाक्याने तोडतो.

पण कॉलेजातले शिष्यवृत्तीचे कारकून भले. त्यांनी तिला बसवून सांगितले की जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर बघ. आजा-पणजा शाळेत गेला नसेल तर तहसील कचेरीत गाव नमुना १४ असतो, त्यात कोतवालाने लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, त्यात पणजोबा सापडेल. आणि सापडला! पणजोबाच्या मुलाच्या जन्माची नोंद, जातीच्या रकान्यासकट. जो माणूस जन्मभर कधी कागदाच्या वाटेला गेला नाही, त्याने पणतीला कागद दिला. त्या दिवशी वसतिगृहात शिरा झाला. मलाही बोलावले होते.

शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटीवर, म्हणजे संगणकावर भरावे लागतात. बँकेचे खाते आधारला जोडलेले नसले की पैसे येत नाहीत, आणि नाही आले तर का नाही आले ते कळत नाही. वेल्ह्याकडच्या वाड्यांवर बापाच्या फोनवर आकडा येतो, पण फोनला रेंज यायला टेकडीवर जावे लागते; तोवर आकड्याची मुदत संपते. कारकूनसाहेब बापाला सांगून ठेवतात, अमक्या वेळी टेकडीवर चढून बसा, मी इकडे बटण दाबतो. त्यांना याचा वेगळा पगार नाही.

आता आमच्या आळीतल्या मुलाचे सांगते. त्याला जन्मापासून दिसत नाही. बी.ए.ला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व धरले आहे, आणि सरकारी व सरकारी मदतीच्या कॉलेजांत शंभरात पाच जागा अशा मुलांसाठी ठेवायच्या आहेत. परीक्षेला त्याला लेखनिक घेता येतो आणि दर तासामागे निदान वीस मिनिटे ज्यादा मिळतात. हे सारे कागदावर मिळाले. पण अभ्यासाची पुस्तके वाचून कोण दाखवणार? ग्रंथालयातले मामा दुपारी गर्दी कमी झाली की त्याच्या फोनवर धडे वाचून भरून देतात. मी ऐकले आहेत. मराठेशाहीची लढाई ऐन रंगात आलेली असते आणि मध्येच मामांचा आवाज येतो, "चहा ठेव तिथे." तो मुलगा म्हणतो, चहा कुठल्या पानाला आला ते माझ्या लक्षात राहते, त्यावरून मला उत्तर आठवते.

लेखनिक मिळणे हे त्याहून अवघड. तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा लागतो, आणि आपल्याच परीक्षांच्या दिवसांत तीन तास बसायला कोण तयार होते? कॉलेजच्या बाईंनी मला विचारले आणि मी माझ्या मुलीला विचारले. ती तेव्हा बारावीत. घाबरत गेली. इतिहासाच्या पेपरात त्याने एका तहाचे साल चुकीचे सांगितले. हिला बरोबर साल ठाऊक होते. पण लेखनिकाने सांगितले ते लिहायचे, पदरचे घालायचे नाही, अशी शिकवण दिलेली. हिने चुकीचे साल लिहिले आणि घरी येऊन रडली. त्याला कळले तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, माझे मार्क माझेच असू देत."

त्याच कॉलेजात काय, किंवा दुसऱ्या कुठे म्हणा, चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधलेला आहे. एक फूट चढायचे तर बारा फूट लांब उतार हवा, म्हणजे हाताने खुर्ची चढवता येते. इथला उतार आखूड, आणि पाहुणे यायचे असले की त्यावर फुलांच्या कुंड्या मांडतात. गडीमामा समारंभ संपायच्या आत त्या कुंड्या काढतात, कारण पायाने अधू असलेली एक मुलगी वर अडकलेली असते हे त्यांना माहीत असते. उतार कोणी बांधला त्याची पाटी आहे. कुंड्या कोण काढतो त्याची नाही.

आणि या माणसांना मिळते काय? पुष्कळशी कंत्राटावर आहेत. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार दोन-दोन महिने थकतो. सुटीच्या महिन्यात तो नसतोच. ज्या दुसऱ्यांच्या मुलींना जेवू घालतात, त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या फीसाठी त्यांनी माझ्याकडे पाचशे रुपये उसने मागितले होते. दिले, आणि परत आलेही. मी हे दया यावी म्हणून सांगत नाही. ज्यांच्या भरवशावर आपण मुली पाठवतो, त्यांच्या पगाराची चौकशी करायचा आपल्यालाही अधिकार आहे. पालकांच्या सभेला आपण जातो तेव्हा मार्कांचे विचारतो, हेही विचारावे.

आता त्या वडील बाईंना माझे उत्तर. ताई, फी माफ झाली, तिकीट अर्धे झाले, हे सगळे खरे. पण माझ्या भाचीला फीने घरी बसवले नसते. नळापाशी एकटे बसणे तिला घरी बसवणार होते. मलाही ओढ्याने घरी बसवले नाही, असे आता वाटते. ही गोष्ट मी पन्नाशीच्या अलीकडे येऊन शिकले.

मंडळाला मी पैसे मागणार नाही. आपल्याकडे किती शिल्लक आहे ते हिशेब बघणारीला चांगले ठाऊक आहे. वसतिगृहात रविवारी रात्री चूल बंद असते. एका रविवारी एका घरी दोन मुली, एवढेच करायचे आहे. पुरणपोळी नको, आपले रोजचे कालवण-भाकर. ज्यांच्या मुली अकरावी-बारावीत आहेत त्यांनी लेखनिकासाठी नावे द्यावीत. ज्यांना तहसील कचेरीतली जिने-खिडक्यांची माहिती आहे, त्यांनी दाखल्याच्या कामाला एखाद्या मुलीबरोबर जावे. मोठे माणूस बरोबर असले की खिडकीतून येणारी भाषा बदलते. आणि यंदाच्या हळदीकुंकवाला रेक्टरबाई व स्वयंपाकाच्या मावशी यांना आमंत्रण द्यावे, असे मी चिटणीसबाईंना सुचवले आहे. वाढायला नव्हे, बसायला.

मी एक वही आणली आहे. पहिल्या पानावर रविवारच्या तारखा घातल्या आहेत, दुसऱ्यावर लेखनिकांसाठी जागा आहे. पहिल्या रविवारी माझे नाव लिहिलेले आहे. मागे राहिलेले थोडे फेडायचे आहे मला. वही आता डाव्या बाजूने फिरत येईल. पेन तिलाच बांधले आहे, ते सोडवून घेऊ नये.